पिंजारगल्लीत जप्त झालेला ढोल्या

मित्रांनो, मी एक जुना रोडरोलर आहे. जुना म्हटल्यावर तुम्ही लगेच तोंडं पाडून बसाल, की आता हा गंजलेल्या पत्र्याचं आणि फुटलेल्या दिव्याचं रडगाणं गाणार. तसं काही होणार नाही. माझी तब्येत ठणठणीत आहे, पुढचं चाक गुळगुळीत आहे आणि माझ्या लोखंडी सीटवर सध्या जी लालभडक गादी आहे, तशी जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याही रोलरला नाही. ती मला कशी मिळाली तेच सांगायला मी बसलोय. बसलोय म्हणजे उभाच आहे, रोलरला कुठं बसता येतं!

पाथर्डीकडे जाताना आमचं गाव लागतं. त्याचं नाव सांगत नाही, कारण गावाची अब्रू ती माझीही अब्रू. माझा जन्म मात्र इथला नाही. दूरच्या एका कारखान्यात ओतीव लोखंडातून मला घडवलं, पिवळा रंग दिला आणि मोठ्या ट्रेलरवर चढवून इकडे पाठवलं. वेशीवर उतरवलं तेव्हा बायकांनी ओवाळलं, बँड वाजला, पुढच्या चाकावर नारळ फुटला. माझ्या अंगावर ठळक अक्षरांत 'नगरपरिषद' असं रंगवलं होतं, म्हणून मला वाटलं मी नगरपरिषदेचा. मग नव्यानेच निवडून आलेले नगराध्यक्ष काकासाहेब मला थाप मारून 'आमचा रोलर' म्हणाले, तेव्हा वाटलं मी बहुतेक काकासाहेबांचा असणार. मला विकत घ्यायला पैसे कुणाच्या खिशातून आले, हा प्रश्न त्या गर्दीत कुणालाच पडला नाही. मलाही नाही.

माझा ड्रायव्हर पुंजाराम. अंगाने काडी, पण मिशा मात्र माझ्या वजनाला शोभतील अशा. तो माझ्याशी तासन्‌तास बोलायचा आणि मी घरघर करून हुंकार द्यायचो. उन्हाळ्यात माझी सीट तव्यासारखी तापायची. तेव्हा तो ओलं गोणपाट घडी करून तिच्यावर टाकायचा आणि तरीही बसताना एकदा आईला हाक मारायचा. पोरं मला ढोल्या म्हणायची. माझ्यापेक्षा त्यांची चाल जास्त होती, त्यामुळे ती पुढे पळायची, कंटाळायची आणि परत येऊन पुन्हा पळायची. एकदा अरुंद रस्त्यावर एक वरात माझ्यामागे अडकली. बँडवाल्यांनी न वैतागता माझ्याच चालीवर ठेका धरला आणि नवरदेव मांडवात पोहोचेपर्यंत सगळ्या गावाने नाचून घेतलं. नवरदेवाच्या वडिलांनी पुंजारामाला फेटा बांधला. ते दिवस मजेचे होते.

गावात मला सर्वांत आवडायची ती पिंजारगल्ली. तिथे इब्राहिम आणि बिबीजान या नवरा-बायकोचं गादीघर होतं. इब्राहिम धनुष्यासारख्या पिंजणाने कापूस पिंजायचा, बिबीजान गाद्या शिवायची. पंचक्रोशीतल्या लग्नांतल्या गाद्या, उशा आणि लोड त्यांच्याकडचेच. घर उंचावर होतं, दगडी पायऱ्या चढून आत जावं लागे. सर्वांत खालच्या पायरीवर दुपारी बिबीजान आणि समोरच्या घरातली भागूबाई बसलेल्या असायच्या. एक उशी भरायची, दुसरी भाजी निवडायची आणि दोघी मिळून साऱ्या गावाची चौकशी करायच्या.

आता आमच्याकडे रस्ता कसा होतो ते सांगतो. आधी काकासाहेब नारळाची तारीख ठरवतात, पाहुणा ठरवतात आणि मग उरलेल्या दिवसांत रस्ता बसवतात. जुना थर उकरून काढायचा आणि मगच नवा टाकायचा, हे काकासाहेबांना ठाऊक होतं, इंजिनिअरसाहेबांना ठाऊक होतं, शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण उकरायला वेळ लागतो, धूळ उडते आणि उकरण्यासाठी कुणी नारळ फोडत नाही. म्हणून जुन्या रस्त्यावरच खडी, तिच्यावर डांबर, त्याच्यावर मी. दर निवडणुकीला एक थर. हार घालून मी पुढे-मागे फिरायचो आणि खालची पायरी गडप व्हायची. मग तिच्या वरची. घर जागच्या जागी होतं, रस्ताच चढत होता. शेवटी गादीघरात जायला खाली उतरावं लागू लागलं.

बिबीजानने एकदा भर समारंभात काकासाहेबांना गाठलं. म्हणाली, "आवंदा आधी उकरा, मंग टाका. पानी घरात शिरंल." काकासाहेब गोड हसले, पुढच्या वेळी नक्की म्हणाले आणि तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

पुढच्या वेळेच्या आधी परतीचा पाऊस आला. रस्त्यावरचं सगळं पाणी उतार पाहून गादीघरात गेलं. लग्नसराईसाठी भरलेला कापूस, शिवून ठेवलेल्या गाद्या, सगळं भिजलं. दुसऱ्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. बिबीजानने ओला कापूस माझ्या बॉनेटवर, चाकांवर, छपरावर वाळत घातला. मी पिवळ्याचा पांढरा झालो. पण भिजून आंबलेला कापूस पुन्हा फुलत नाही, आणि ते पाहून इब्राहिम नुसताच पिंजण कवटाळून बसला. मला फार वाईट वाटलं.

बिबीजान रडत बसणारी नव्हती. ती नगरपरिषदेत गेली. तिथे 'कळवतो' म्हणाले. पुन्हा गेली, पुन्हा 'कळवतो'. मग तिने सरळ कोर्टात दावा लावला. सारी गल्ली तिच्या पाठीशी होती. तारखेला जाताना भागूबाई भाकरी बांधून तिच्यासोबत एसटीत बसायची. नगरपरिषदेने मोठा वकील लावला, तारखेला इंजिनिअरसाहेबांची जीप जाऊ लागली आणि वर्षं लोटली. शेवटी निकाल बिबीजानच्या बाजूने लागला. नगरपरिषदेने तिला व्याजासकट नुकसानभरपाई द्यावी, असं कोर्टाने सांगितलं. तर यांनी कोर्टालाही 'कळवतो' म्हणून गप्प बसवायचा प्रयत्न केला.

कोर्ट काही गप्प बसत नाही, मित्रांनो. एके सकाळी दानीएल नावाचे कोर्टाचे बेलीफ जप्तीचा हुकूम घेऊन आले. उंच, शांत, इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ. ते येणार ही कुणकुण आधीच लागली होती, त्यामुळे साहेबांची जीप गॅरेजला गेली होती आणि चांगल्या खुर्च्या कुणाच्या तरी लग्नाला गेल्या होत्या. मला लपवणार कुठे? दानीएलसाहेबांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि मला जप्त केलं.

जप्त केलं खरं, पण न्यायचं कसं? पुंजाराम म्हणाला, चालवत नेतो, पण डिझेल द्या. नगरपरिषदेचा कारकून म्हणाला, जप्त झालेल्या मालाला आम्ही डिझेल का घालू? दानीएलसाहेब म्हणाले, कोर्टाकडे डिझेलची तरतूद नाही. अखेर पिंजारगल्लीच्या तोंडाशी मी होतो तिथेच मला सुतळी बांधली, तिच्यावर लाखेचं सील लावलं आणि लिलावाची नोटीस चिकटवली. जाताना दानीएलसाहेब मला बजावून गेले, "जागेवरून हलायचं नाही." ते विनोदाने म्हणाले की कायद्याने, ते कळलं नाही.

नोटीस वाचून मात्र माझं चाक थंड पडलं. लिलावात मला घेणार कोण? केडगावचा एक भंगारवाला येऊन गेला. त्याने मला जागोजागी ठोकून पाहिलं आणि मी किती किलो भरेन याचा अंदाज मोठ्याने सांगितला. पुंजाराम त्याच्याशी भांडला, आणि मग माझ्या मागच्या चाकाला टेकून गुपचूप डोळे पुसू लागला.

काकासाहेब मात्र खुशीत होते. त्यांनी गल्लीत येऊन सांगितलं की ढोल्या विकू, बिबीजानची भरपाई देऊ, म्हणजे कुणाच्याही खिशाला हात लागणार नाही. लोकांना पटलं. भागूबाईला तर फारच पटलं. बिबीजान तेवढी लिलाव नको म्हणाली. दुपारी ती माझ्या सावलीत येऊन उभी राहिली, भागूबाई मागोमाग आली आणि दोघींची जुंपली.

"लिलाव नगं म्हनतीस? मंग भरपाई कुठून देनार? घरपट्टीतून," भागूबाई म्हणाली. "तुज्या गाद्यांचे पैसे आमी भरायचे व्हय?"

"मीबी भरनार हाय की. माझी घरपट्टी काय काकासाहेब भरत्यात?"

"त्यापरीस ढोल्या गेला तर गेला. आपल्या बापाचं काय जातंय?"

बिबीजानने माझ्या चाकावर हात ठेवला. "ह्यो कुनाच्या पैशानं आला, भागू? तुझ्या सासऱ्यानं, माझ्या सासऱ्यानं घरपट्ट्या भरल्या, त्यातनं आला. ह्येला इकला, की पुढच्या रस्त्याला भाड्याचा आनतील. त्याचं भाडं कोन दील? आपुनच. ह्यो काकासाहेबाचा न्हाई. ह्यो आपला हाय."

मित्रांनो, इतकी वर्षं मी स्वतःला नगरपरिषदेचा समजत होतो. माझ्या अंगावर तसं लिहिलेलंच होतं. माझं डिझेल, माझा रंग, पुंजारामाचा पगार, त्या मोठ्या वकिलाची फी आणि जीपच्या चकरा, हे सगळं पिंजारगल्लीतून आणि तिच्यासारख्या गल्ल्यांतून येत होतं, हे मला त्या दुपारी कळलं. आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली.

भागूबाई अजून फुरंगटलेली होती. तेव्हा बिबीजानने तिला एवढंच विचारलं, "तुझ्या उंबऱ्याला ती फळी कशापायी ठोकलीस?" भागूबाईने वळून आपल्या उंबऱ्याकडे पाहिलं. पाणी तिच्याही घरात शिरत होतं, फक्त फळीमुळे कमी शिरत होतं.

पुढे लोकअदालतीत तडजोड झाली. मला जाता आलं नाही, पण पुंजारामाने येऊन सगळं साग्रसंगीत सांगितलं. बिबीजान म्हणाली, मी व्याज सोडते, कापसाचं तेवढं द्या. त्याच्या बदल्यात ढोल्याचा लिलाव नको आणि गल्लीतला रस्ता उकरून पहिल्यासारखा खाली न्या. मोठ्या वकिलाने हरकत घ्यायला तोंड उघडलं, पण गल्लीतली माणसं दाराशी दाटीवाटीने उभी होती आणि भागूबाई सर्वांत पुढे. दानीएलसाहेबांनी स्वतः येऊन माझी सुतळी कापली. मी जागेवरून हललो नव्हतो, याबद्दल माझं कौतुकही केलं.

त्या साली घरपट्टी थोडी वाढली. सगळ्यांची वाढली, बिबीजानचीसुद्धा. नगरपरिषदेच्या एका खिडकीवर तिने भरपाईचा चेक घेतला आणि शेजारच्या खिडकीवर वाढीव घरपट्टी भरली. "घ्या," ती कारकुनाला म्हणाली, "तुमीच दिलेलं तुमालाच." कारकुनाला हसू आवरेना, आणि मग तीही हसली.

एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण काकासाहेब ते काकासाहेबच. रस्ता उकरायला सुरुवात झाली, एकेक पायरी उजेडात येऊ लागली आणि खालची पायरी अजून अर्धी मातीत असतानाच त्यांच्या नारळाची तारीख उजाडली. पाहुणे वाटेवर होते. काकासाहेब पुंजारामाला म्हणाले, घाल रोलर, राहिलेलं पुढच्या वेळी. पुंजारामाने नाइलाजाने मला चालू केलं. मी घरघरलो, पण मला इंचभरही पुढे सरकावंसं वाटेना.

तेवढ्यात भागूबाई मेथी भरलेलं सूप घेऊन आली आणि त्या अर्ध्या पायरीवर ऐसपैस बसून भाजी निवडू लागली. माझ्या पुढच्या चाकासमोर. बिबीजान सुई-दोरा घेऊन तिच्या शेजारी बसली.

"काकासाहेब," भागूबाई मेथीवरून नजर न काढता म्हणाली, "ह्यो रस्ता करायचे पैसे आमी दिले. बिघडला म्हनून भरपाईबी आमीच दिली. तिसऱ्यांदा न्हाई देनार. आधी उकरा."

पुंजारामाने मला बंद केलं. इतकं बरं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. काकासाहेब हातात नारळ घेऊन उभे. पाहुण्यांची गाडी येऊन थांबलेली. अख्खी गल्ली त्यांच्याकडे बघतेय. तेव्हा बिबीजानच म्हणाली, "नारळ फोडायचाच असंल, तर कुदळीवर फोडा."

काकासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, कुदळीकडे पाहिलं आणि मग, खरं सांगतो, त्यांनाही हसू फुटलं. उकरण्यासाठी नारळ फुटला तो गावात पहिल्यांदाच. खोबऱ्याचा पहिला तुकडा त्यांनी बिबीजानलाच दिला. या वेळी तिने तो तिथल्या तिथे खाल्ला.

पायरी पूर्ण निघाली, रस्ता खाली गेला आणि मग मी त्याच्यावर असा काही फिरलो की विचारू नका. त्यानंतरच्या पावसात पाणी गटारीने निमूट निघून गेलं, भागूबाईने फळी काढून चुलीत घातली आणि इब्राहिमचं पिंजण पुन्हा टणत्कार करू लागलं. नव्या कापसाची पहिली गादी लग्नाला गेली नाही. ती बिबीजानने माझ्या सीटच्या मापाने शिवली होती. पुंजाराम तिच्यावर बसला आणि त्या दिवशी त्याने आईला हाक मारली नाही.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतही माझा एखादा भाऊबंद कधीतरी येईल. त्याच्यामागे पळा, त्याला ढोल्या म्हणा, त्याला राग येणार नाही. फक्त त्याच्या आधी कुदळ येऊन गेली का, तेवढं बघा. आली नसेल, तर घरातल्या मोठ्यांना सांगा, की बाहेर आपला रोलर आलाय, जरा पायरीवर येऊन बसा.