ताकद आली, पण कुणाला?

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पेशी आहे. बेंबळी गावच्या हर्षालीच्या मोठ्या आतड्यात माझा पहारा असतो. डोळ्यांना दिसत नाही म्हणून मला कमी लेखू नका. भल्याभल्या जंतूंना मी पाणी पाजलं आहे.

माझा जन्म हाडाच्या मगजातला. पुढे छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीच्या शाळेत एकच धडा शिकले: आपलं कोण, परकं कोण. तिथं नापासाला दुसरी संधी नसते, थेट खातमाच होतो! मी पास झाले. हर्षालीला लहानपणी हगवण लागली, ती आम्हीच परतवली. शाबासकी मात्र डाळिंबाच्या सालीला मिळाली. चालायचंच.

हर्षाली पोलीस भरतीसाठी धावू लागली, त्याच वर्षी आमचं बिनसलं. का, ते डॉक्टरांनाही नेमकं सांगता येत नाही. आतड्यात गुण्यागोविंदाने नांदणारे जंतू आम्हाला वैरी वाटू लागले. त्यांच्यावर तुटून पडताना आतड्याचं अस्तरच सोललं गेलं. पोरीला रक्त पडू लागलं, मैदान सुटलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. आम्ही निवलो, जखमा भरत आल्या.

पण तो "कमी" शब्द तिच्या आईच्या, मथुराबाईंच्या, काळजात रुतला.

"आधीच पोरगी वाळून गेलीय. ताकद कमी करायच्या गोळ्या कशाला? बंद कर. गुळवेलीचा काढा पी, लई ताकद येती."

गोळ्या सुटल्या आणि ताकद आली खरी, पण आम्हाला! हर्षालीनं अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, "आणखी बिघडलं तर मोठं आतडं काढावं लागेल."

मथुराबाईंना रडू आवरेना. "पोरीला ताकद यावी म्हून दिला वो काढा."

"मावशी, ताकद कमी नाही, नको तिथं जास्त झालीय. राखणदारच पीक तुडवायला लागलेत. त्यांना बांधावर बसवायचंय."

हे मात्र त्यांना लगेच उमगलं. आता हर्षालीनं गोळी घेतल्याशिवाय त्या तिला उंबरा ओलांडू देत नाहीत. आतडं वाचलं.

मित्रांनो, मला शत्रू समजू नका, पण मोकाटही सोडू नका. बरं वाटलं किंवा धास्ती वाटली म्हणून औषध आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

काल हर्षाली मैदानावरून आली आणि म्हणाली, "आई, लई भूक लागलीय." तिनं पोटभर भाकरी खाल्ली. उरलासुरला चोथा माझ्यापर्यंत आला आणि शेजारचे जंतू पंगतीला बसले. मी नुसती बघत राहिले. इतक्या लढाया मारल्या, पण एवढं मोठं काम मी कधीच केलं नव्हतं.