मला लागलाय

तू नुसता ऐक. मधे बोलू नकोस, नाहीतर माझं सगळं पुढचं-मागचं होतं.

तर काल्हेरला हिरामणचं नवंकोरं गोडाऊन, अजून माल यायचाय, त्यात चटया अंथरल्यात. मटणाचं पातेलं उतरलंय. आणि आमच्या शाळेचा शिपाई केसरीनाथ इस्त्रीचा शर्ट घालून मधोमध बसलाय. साल चौऱ्याण्णव, तारीख पंचवीस जानेवारी. शाळेची एकोणसत्तरची कबड्डीची टीम पंचवीस वर्षांनी जमलीये. हिरामण तेव्हाचा कॅप्टन, आता चार गोडाऊनचा मालक. केसरीनाथ धरून सातातले पाच आलेत, आणि हिरामणनं मुद्दाम समोरच्या टीमचा दौलतही पडघ्याहून बोलावलाय.

आता एकोणसत्तरची फायनल. पडघ्यालाच होती. दोन्हीकडे सारखे गुण, शेवटची चढाई, दौलत आला, घुमला, हात न लावताच परत गेला. निदान पंचांना तरी तसंच दिसलं. शिट्टी वाजणार, इतक्यात केसरीनाथनं स्वतःच हात वर केला. म्हणाला, "मला लागलाय."

झालं. एका गुणानं गेली मॅच.

पोरांनी त्याला ट्रकमध्ये घेतला नाही. पडघ्याहून भिवंडीपर्यंत अनवाणी चालत आला. चार महिने कोणी बोललं नाही, आणि बोलायला लागले ते 'धर्मराज' म्हणून. पण तेव्हाचे हेडमास्तर म्हणाले, असा माणूस शाळेत पाहिजे. त्यांनीच पुढं शिपायाची नोकरी दिली. तेव्हापासून दर सव्वीस जानेवारीला झेंडा झाला की केसरीनाथ पोरांना ही गोष्ट सांगतो. घंटा वाजवणारा माणूस, पण त्या दहा मिनिटांत मास्तरसुद्धा उभे राहून ऐकतात. पुढं सख्ख्या भावानं अंजूरच्या जमिनीसाठी खोटी साक्ष मागितली, यानं नाही दिली. भाऊ तुटला तो तुटलाच. बायको, गुणाबाई, चिडली की म्हणायची, "सगला गाव खोटा बोलतो, तुलाच काय झालाय?" हा नुसता हसायचा.

तर जेवता जेवता विषय निघालाच. दौलत बोटं चाटत म्हणाला, "केसरीनाथ, आता म्हातारे झालो, सांगून टाकतो. मी तुला शिवलोच न्हवतो रं."

केसरीनाथ म्हणाला, "शिवला व्हतास. कमरेला. अजून आठवतंय मना."

"आरं, माझा हात मना म्हाईत नसंल? पण तूच देतोयस गुण, तर मी कशाला न्हाय म्हनू?"

केसरीनाथनं बाकीच्यांकडं बघितलं. सगळे ताटात बघत होते, आणि हिरामणचे खांदे हलत होते. हसू दाबत होता.

"कमरेला ना?" हिरामण म्हणाला. "तो माझा हात. मी मागून ढकलला तुला, पकड त्याला म्हणून. आनी तू येड्यासारखा हात वर केलास."

"तुला म्हाईत व्हतं?"

"सगल्यांना म्हाईत हाय. ट्रकमदीच सांगितला मी. तेव्हा तुला सांगितला असता, तर तू शालेत खरा सांगून आला असतास, आनी मॅच माझ्यामुलं गेली म्हनाले असते."

केसरीनाथनं हातातली भाकरी ताटात ठेवली. हिरामणनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

"तोंड कशाला पाडतोस? नोकरी कुनामुलं लागली? माझ्या हातामुलं. पार्टी तू द्यायला पायजे." आणि केसरीनाथ सोडून पाचही जण हसले, रश्शाचा ठसका लागेपर्यंत.

सकाळी झेंडावंदन. शाळेला पंखे दिले म्हणून प्रमुख पाहुणा कोण? हिरामण. पांढरा सफारी, पहिली खुर्ची. गुणाबाईही पोरीला घेऊन भिंतीजवळ उभी, दरवर्षीसारखी. मुख्याध्यापिका सुमतीबाई म्हणाल्या, "आता आपले केसरीनाथमामा." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

केसरीनाथ माईकपुढं आला. मग त्यानं गोष्ट सांगितली. दरवर्षीची, तशीच्या तशी. दौलत आला, दौलतचा हात कमरेला लागला, पंचांना दिसलं नाही, मी हात वर केला. एक शब्द बदलला नाही. फक्त मान वर केली नाही.

सगळ्यात आधी टाळी वाजवली ती हिरामणनं. मग तो सुमतीबाईंकडं वाकून मोठ्यानं म्हणाला, "बाई, मागच्या पोरांना ऐकू न्हाय आला. त्यांना परत एकदा सांगायला लावा. कमरेला लागला, तिथपासून."

पाहुण्यांचा शब्द. बाईंनी माईक परत केसरीनाथपुढं सरकवला. समोर सहाशे पोरं, भिंतीजवळ गुणाबाई आणि पोरगी, बाजूला हिरामण, मांडीवर मांडी टाकून.

आता तू बोल. तू केसरीनाथच्या जागी असतास, तर काय केलं असतंस?