राखेसारखी पूड

सुकुमा या पालेभाजीवर अळी पडली की आम्ही सगळ्या चुलीतली राख टाकतो. यंदा राखेला एकही अळी दाद देईना, म्हणून वैतागून सकाळी मी दुकानातली विषारी पूड टाकली. दुपारी बघते तर पानं खुडलेली! मूठभर भाजी न विचारता नेणारी एकच, शेजारची नालियाका. धावत गेले आणि तिच्या चुलीवरचं पातेलं उपडं केलं.

"डोकं फिरलं का गं? एवढ्याशा भाजीसाठी?"

"राख नव्हती ती, विष होतं! कुणी खाल्लं नाही ना?"

"कुणी नाही, मक्याच्या पिठाची उगाली मी अजून घोटतेय." तिनं आमच्या घराकडे पाहिलं. "पण तुझ्या सासूबाईंना मघाशीच यातली वाटीभर भाजी दिली. म्हणाल्या, सून आज भाजीला हात लावू देईना."