लाल आणि हिरवा, दोन्ही

हंबीररावांनी फुटका दिवा क्लबच्या टेबलावर आपटला.

"हा माझ्या बोटीचा. बल्ब बघा, तार बघा, सगळं जागच्या जागी आहे. दिवे न लावता बोट हाकत होते ते हे गृहस्थ."

हे गृहस्थ म्हणजे समोर बसलेले त्यांचे सख्खे थोरले भाऊ. प्रतापराव खिडकीबाहेर तळ्याकडे बघत म्हणाले,

"मल्हारराव, त्यांना सांगा, माझे दिवे लागलेले होते. त्यांचेच नव्हते."

सहा वर्षांपूर्वी वडील वारले तेव्हा हंबीरराव धारवाडला नोकरीत होते. तार मिळताच निघाले, पण बंगळुरात यशवंतपूर स्टेशनला उतरून घरी पोचेतो प्रतापरावांनी अग्नी देऊन टाकला होता. थांबणं शक्यच नव्हतं, असं थोरला म्हणे. थांबायचंच नव्हतं, असं धाकटा. पुढे हंबीरराव बदली घेऊन बंगळुरात परतले, पण भावाच्या घराची पायरी चढले नाहीत. प्रतापरावांनीही आईला त्यांच्याकडे कधी जाऊ दिलं नाही. एकाने मोटारबोट घेतली म्हणून दुसऱ्यानेही घेतली, आणि दोघे एकाच तळ्यावर एकमेकांना ओळख न देता फिरू लागले.

परवा दिवस मावळल्यावर त्या दोन बोटी समोरासमोर आदळल्या. प्रतापरावांच्या बोटीत आई होती. तिचं मनगट मोडलं. चूक ज्याची ठरेल त्याचा परवाना जाणार होता आणि नाव पोलिसांत.

क्लबचे सेक्रेटरी मल्हारराव फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसला.

"नियम दोघांनाही पाठ आहे. अंधार पडला की पुढे दिवा हवा, डाव्या अंगाला लाल, उजव्याला हिरवा. समोरच्याचे लाल आणि हिरवा दोन्ही दिसले की तो सरळ आपल्यावर येतोय. मग दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं. वळलं कोणीच नाही. म्हणजे एकाला तरी दिवे दिसले नाहीत. कोणाला?"

"मला," दोघे एकदमच म्हणाले.

सकवारबाईंना, दोघांच्या आईला, आत आणलं. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. प्रतापरावांनी उठून खुर्ची पुढे केली. आई त्यांच्या घरात राहत होती. ती काय सांगणार याची त्यांना काळजी नव्हती. हंबीररावांनी मान फिरवली.

"अक्का, समोरच्या बोटीला दिवे होते का?" मल्हाररावांनी विचारलं.

"होते की. लाल, हिरवा, दोन्ही."

प्रतापरावांचा हात खुर्चीच्या पाठीवरून निसटला.

"आई, अंधार होता. तुला नीट आठवत नसेल."

"मला त्याला बघायचंच होतं, मग आठवणार नाही कसं? मीच म्हटलं होतं तुला, ने मला. हंबीर संध्याकाळी पाण्यावर असतो, लांबून तरी दिसेल."

हंबीरराव ताडकन उभे राहिले.

"ऐकलंत? लिहून घ्या! माझे दिवे होते! खोटं कोण बोललं ते लिहा!"

"बस स्वल्प," सकवारबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, तरी ते बसले. "आमच्या बोटीचा दिवा किनाऱ्यावरून निघायच्या आधी माझ्यासमोर लावला. तो आदळेपर्यंत चालू होता. पाण्यावर त्याचा उजेड पडलेला मी बघत होते. तुला दिसला नाही, असं म्हणू नकोस."

बाहेर माळी कुंपण छाटत होता, त्या कात्रीचा आवाज तेवढा येत राहिला.

"मी याला म्हटलं, वळव. दोनदा म्हटलं. हा म्हणाला, तो वळू दे."

मल्हाररावांनी हंबीररावांकडे पाहिलं. त्यांनी नजर दिली नाही. हंबीरराव भावाकडे वळले. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी त्याला हाक मारली.

"अण्णा, आई बोटीत होती हे मला ठाऊक नव्हतं."

प्रतापरावांनी टेबलावरचा फुटका दिवा सरळ उभा केला.

"मला होतं," ते म्हणाले.

सकवारबाईंनी चांगल्या हाताने पदर सावरला आणि खुर्चीचा आधार घेत उठल्या.

"सरी, ठीक आहे. माझं झालं. मल्हारराव, मला बसवनगुडीला सोडता का? माझी धाकटी बहीण आहे तिथं."

"आई, माझ्याकडे चल." हंबीरराव दारापर्यंत धावले. "खरंच सांगतो, तू आहेस हे माहीत असतं तर..."

"मी आहे हे नव्हतं माहीत," त्या थांबून म्हणाल्या. "तिथं भाऊ बसलाय, हे तर माहीत होतं ना?"

हंबीररावांचा हात दाराच्या चौकटीवरच राहिला. सकवारबाई त्याखालून वाकून बाहेर पडल्या.

मल्हाररावांनी दुसऱ्याच दिवशी दोन्ही परवाने रद्द केले. पोलिसांना काय कळवायचं ते अक्काच ठरवतील, असं त्यांनी आदल्या दिवशी सोडायला जाताना मोटारीत बोलून पाहिलं होतं, पण सकवारबाई त्यांना बसवनगुडीचा रस्ताच सांगत राहिल्या.

धाकट्या बहिणीने, भागुबाईने, दार उघडलं, प्लास्टर पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"नंतर सांगते," सकवारबाई म्हणाल्या. "त्या दोघांपैकी कोणी आलं, तर म्हण, झोपलीय."