नव्वद पुड्या अंगारा

शहाडच्या मैदानात सकाळपासून मांडव फुटेल एवढी गर्दी. साखर उतरवणारे बुवा येणार म्हटल्यावर मधुमेहवाले आले, त्यांचे शेजारीही आले. स्टेजवर वजनकाट्यावर विठ्ठल भोईर उभा होता. तीन महिन्यांत तो चौदा किलो उतरला होता आणि उपाशीपोटीची साखर दोनशे चाळीसवरून एकशे दहावर आली होती.

"हे डॉक्टरनं केलं?" बुवा गरजले. "हा अंगारा! रोज एक पुडी पाण्यातून. पथ्य म्हणाल तर किरकोळ. भात मूठभर, गोड बंद, रात्री लवकर जेवायचं आणि माझं नाव घेत तासभर चालायचं."

किरकोळ म्हणे! पहिल्या रांगेत विठ्ठलची बायको रंगूबाई पदराचं टोक पिळत बसली होती. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

बुवांनी तांब्याचं घंगाळ पुढे ओढलं. "श्रद्धा पक्की असेल त्यानं औषधं, सुया इथं टाकाव्यात!"

रंगूबाईची शेजारीण समीक्षा उठली. तिची अकरा वर्षांची मुलगी दिशा वर्षभर इन्सुलिनवर होती. एका हातात पोर, दुसऱ्या हातात इन्सुलिनची पेटी घेऊन ती स्टेजकडे निघाली.

रंगूबाई खुर्चीतून अर्धी उठली. बोलावं तर भर मांडवात नवऱ्याची शोभा, वर बुवांचा कोप. गप्प बसावं तर पोर जिवाला मुकेल.

"समीक्षा, थांब गो!" सुकी मासळी विकून कमावलेला आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. "ह्यांच्या पोटात एक पुडी गेली नाय! ह्यांनी गठ्ठा मोरीवर ठेवला, मना वाटला भांड्यांची राख. पहिल्याच दिवशी सगळी बोंबलाचा टोप घासायला लावली. कळल्यावर भीतीनं गप बसली न् अंगाऱ्याचं म्हणून रोज साधं पाणीच दिलं. नव्वदच्या नव्वद पुड्या टोपालाच गेल्या!"

"अगं, अंगारा घरात होता, त्याचाच हा प्रभाव!" बुवा सावरले.

"मंग टोपाचं वजन का नाय उतरलं?"

मांडवभर हशा पिकला. विठ्ठल शरमेनं काट्यावरून उतरला, पण माईक त्यानंच घेतला. "खाणं आवर, चाल, पोट उतरव, असं आमच्या डॉक्टरबाई वर्षभर सांगत होत्या. त्यांचं ऐकलं नाय, बुवांचं ऐकलं. गोळ्यापण डॉक्टरबाईंनीच तपासून कमी केल्या. समीक्षा, पेटी टाकू नको."

चमत्कार तो एवढाच! खाणं आवरलं, पाय हलले, चरबी झडली, साखर उतरली. राख नुसती मिरवायला. दिशाचा आजार वेगळा, तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. सुया टाकल्या असत्या तर दोन-चार दिवसांत जिवावर बेतलं असतं. तेव्हा बाबांनो, वजन जरूर उतरवा, पण औषध कमी करायचं की नाही ते डॉक्टरला विचारा. बुवाला विचारू नका.

समीक्षा परत रंगूबाईशेजारी येऊन बसली. जेवायची वेळ झाली होती. तिनं पेटी उघडली, दिशाला सुई दिली आणि मग डबा काढला.