वाटीतलं पाणी

लातूर नवा जिल्हा झाला, त्या दिवसांत आमच्या गावची विहीर आटली होती. मी नुकतीच बालमानसशास्त्र शिकून आलेली मास्तरीण, अंगात भलती खुमखुमी. पहिलीच्या पोरांसमोर पसरट वाटीतलं पाणी उंच पेल्यात ओतलं.

"आता पाणी जास्त झालं, कमी झालं, की तेवढंच हाय?"

या वयाची मुलं उंची बघून फसतात, असं पुस्तकात होतं. सगळी ओरडली, "जास्त!" मी खूश.

एकटी गौरम्मा म्हणाली, "कमी झालं, बाई."

"कमी कसं होईल? नीट बघ!" मी खेकसले.

ती उठली. वाटीच्या तळाशी राहिलेले थेंब तिनं बोटानं पुसून घेतले.

"हे मागं राहिलं की, बाई," म्हणाली, आणि बोट तोंडात घातलं.