टाकीभोवतीची ऊब

१९७७च्या जानेवारीत विदर्भातल्या इंझोरी गावात परदेशी पाहुण्यांची जीप आली. गोबर गॅसवर काम करणाऱ्या देशांनी एकमेकांचे प्रयोग पाहावेत, म्हणून हा दौरा ठरला होता. जीपमध्ये नेपाळचे इंजिनिअर गुरुंग, टांझानियाचे दोघे आणि आपल्याकडचे एक अधिकारी होते. त्यांना भागिरथा इंगोलेच्या अंगणातली गॅसची टाकी पाहायची होती.

"थंडीत गॅस फार बनत नाही," अधिकाऱ्यांनी आधीच सांगून ठेवलं. "खरं तर उन्हाळ्यात यायला हवं होतं."

भागिरथानं शेगडी पेटवली. निळी ज्योत तव्याच्या बुडाला सगळीकडून भिडली. तिनं भाकर टाकली, ती टम्म फुगली.

गुरुंगांना हिंदी येत होती. "हमारे पहाड़ में तो जाड़े में सब बंद हो जाता है," ते म्हणाले. "आपका कैसे चलता है, दीदी?"

ती त्यांना टाकीकडे घेऊन गेली. टाकीभोवती कमरेइतका खोल चर होता आणि त्यात भरलेल्या कुटारातून, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशातून, वाफ निघत होती.

"हिवाळ्यात उकिरडा उकरताना हाताले चटका बसे," ती म्हणाली. "म्हटलं, ही ऊब वाया काहून घालवाची? चर खंदला, ओलं कुटार अन् शेण दाबून भरलं."

"टाकीच्या सरकारी नकाशात असं काही नाही," अधिकारी पुटपुटले.

"नकाशाले थंडी वाजत नसन, साहेब. टाकीले वाजते."

गुरुंग मोठ्यानं हसले. त्यांनी चरात थर्मामीटर खुपसला, आकडा पाहिला, पुसून पुन्हा खुपसला. मग जमिनीवर मांडी घालून ते वहीत चित्र काढू लागले. टांझानियाचे दोघे वाकून पाहत होते.

"चित्राखाली नाव कोणाचं लिहायचं?" गुरुंगांनी हिंदीत विचारलं.

"घरमालक जगदेव इंगोले," अधिकारी म्हणाले.

भागिरथाचा नवरा जगदेव मागेच उभा होता. ती चर खणत होती तेव्हा तोही गावासोबत तिला हसला होता. आता तो पुढे आला. "मी नाही. चर हिनं खंदला. हिचंच नाव लिहा."

दुसऱ्या वर्षी नेपाळहून गुरुंगांचं जाड पाकीट आलं. शाळेचे शेषराव गुरुजी वाचू लागले. असाच चर खणल्यावर डोंगरातल्या तीन टाक्या हिवाळाभर चालल्या होत्या. तिन्ही देशांच्या मिळून निघालेल्या अहवालात ते चित्र छापलं होतं, खाली भागिरथाचं नाव. पत्रात एक अडचणही होती: तिकडे कुटार मिळत नाही, भाताचा पेंढा चालेल का?

ऐकता ऐकता तिनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच सरसावून बसली.

"लिहा, गुरुजी. चालन. पण बारीक तोडाचा, ओला ठेवाचा, अन् महिन्याभरानं नवा टाकाचा. कोरडा टाकला त तापत नाही, हे मोठ्या अक्षरात लिहा."

ते पत्र टपालात टाकायला जगदेव मुद्दाम कारंज्याला गेला. एसटीत शेजारी बसलेल्या प्रत्येकाला त्यानं पाकिटावरचा नेपाळचा पत्ता वाचायला लावला.